ध्यानाला बसते तरी साखर वाढतेच, माझं काय चुकतंय?

प्रश्न: माझं वय ५३. टाइप २ मधुमेह होऊन सात वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. मागच्या तपासणीत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.२ आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ताण कमी करा. म्हणून गेले दोन महिने अ‍ॅप लावून रोज पहाटे वीस मिनिटं माइंडफुलनेसला बसते. बसण्याआधी आणि उठल्यावर शुगर बघते. परवा बसताना १४२ होती, उठले तर १५१! असं बऱ्याचदा होतं. मन तर मिनिटभरही टिकत नाही. त्यात मशीन काढलं की घरातलं कोणीतरी विचारतंच, "किती आली?" आकडा मोठा असला की पुढचा प्रश्न, "काय खाल्लं होतंस?" खरं सांगते, रात्री सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या काहीबाही खाते आणि ते वहीत लिहीत नाही. भाची म्हणते, ध्यानाने डायबेटिस जातो, गोळ्या सोडून दे. माझं बसणं चुकतंय का? याने खरंच साखर उतरते, की नुसता वेळ फुकट? अ‍ॅपची मोफत मुदत संपत आलीय, वर्षाचे पैसे भरू का?

ताई,

गोळ्यांचं आधी बोलू, बाकीचं थोडं थांबू शकतं. त्या सोडायच्या नाहीत. भाचीला तुमची काळजी आहे हे दिसतंच. पण ध्यानाचा मधुमेहावर काय परिणाम होतो, हे ज्या अभ्यासांत पाहिलं गेलं, त्यांतल्या बहुतेकांत माणसं आपापली औषधं घेतच होती आणि वरून ध्यान करत होती. औषधाऐवजी ध्यान, असा हिशेब तिथे नव्हता. टाइप १ असलेल्या माणसाने इन्सुलिन बंद केलं तर थोड्याच दिवसांत, कधी काही तासांतच, जीवावर बेततं. टाइप २ मध्ये तसं लगेच काही दिसत नाही आणि म्हणूनच माणूस फसतो. गोळ्या सोडून महिना होतो, काही त्रास होत नाही, आणि तेवढ्यात डोळ्यांच्या पडद्याच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान गुपचूप चालू राहतं. तुमची गोळी कमी होऊ शकते, कदाचित एखादी बंदही होऊ शकते. पण ते आकडे बघून डॉक्टर ठरवतील.

आता १४२ चे १५१. हे मुळात वाढणं नव्हेच. घरच्या ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे रक्तातली खरी साखर १४२ असेल तर १२१ ते १६३ मधलं काहीही दाखवणारं मशीन नियमात बसतं. एकाच बोटातून लागोपाठ दोन पट्ट्यांवर रक्त घेऊन बघा, दोन वेगळे आकडे येण्याचीच शक्यता जास्त. बोट ओलं असलं, हाताला काही गोडाचं लागलेलं असलं, तरी फरक पडतो.

दुसरं म्हणजे तुम्ही वेळ निवडलीय पहाटेची. साधारण चार ते आठच्या दरम्यान शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आणि वाढीचं संप्रेरक वाढतं आणि यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडू लागतं. मधुमेह नसलेल्या माणसाचं स्वादुपिंड त्याच वेळी थोडं जास्त इन्सुलिन सोडून हे सावरून घेतं. तुमच्या शरीराला ते पुरतं जमत नाही. त्यामुळे त्या वीस मिनिटांत तुम्ही ध्यान केलंत, वर्तमानपत्र वाचलंत किंवा नुसत्या पडून राहिलात, तरी साखर थोडी चढू शकते. तुमच्या बसण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि ताई, बसण्याआधी टोचायचं, उठल्यावर टोचायचं आणि मधली वीस मिनिटं निकालाची वाट बघायची, यात मन कसं टिकणार? ती आधी-नंतरची तपासणी आजपासून बंद. वाचलेल्या पट्ट्यांचं काय करायचं ते पुढे सांगते, त्या लागणारच आहेत.

मन मिनिटभरही टिकत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते. मन भटकलं, भटकलेलं कळलं, परत श्वासाकडे आणलं, झालं. एवढाच तो व्यायाम आहे. दहा वेळा भटकलं आणि दहा वेळा कळलं तर दहा वेळा व्यायाम झाला. यापुढे याची चिंता करू नका.

ताणाने साखर वाढते यात मात्र शंका नाही. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या २५ जणांची लघवी हंगामातल्या शेवटच्या, सगळ्यात चुरशीच्या सामन्यानंतर लगेच तपासली. १२ जणांच्या लघवीत साखर सापडली. ही सगळी धडधाकट तरुण पोरं. गंमत म्हणजे त्या १२ पैकी ५ जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, बाहेर बसून सामना बघत होते. संकट आलं असं शरीराला वाटलं की अ‍ॅड्रेनलिनच्या हुकमावरून यकृत साखर बाहेर काढतं, पळायला किंवा लढायला ती लागेल म्हणून. ताण लांबला तर कॉर्टिसॉल यकृताला नवी साखर बनवायला लावतं आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. आपल्या रोजच्या ताणात पळणंही नसतं आणि लढणंही नसतं. साखर मात्र येऊन बसते.

पण हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता साधा आहे आणि माझ्या मते जास्त मोठा आहे. ताणात असलेला माणूस कमी झोपतो, चालायला जायचं टाळतो, गोळी विसरतो, हाताला येईल ते खातो, आणि मशीनकडे बघायचंच टाळतो. हे सगळं मिळून तीन महिन्यांच्या सरासरीत उतरतं. म्हणूनच ध्यानाने साखर उतरते का, या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही.

अभ्यास काय सांगतात तेही थोडक्यात बघा, म्हणजे भाचीशी बोलायला बरं. माइंडफुलनेसचा आज जगभर चालणारा आठ आठवड्यांचा कार्यक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला, तो दीर्घ आजार आणि वेदना घेऊन जगणाऱ्या रुग्णांसाठी. नेदरलँड्समध्ये मधुमेहाच्या १३९ रुग्णांवर असाच आठ आठवड्यांचा कार्यक्रम करून पाहिला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ताण, चिंता, उदासी लक्षात येण्याइतकी कमी झाली, पण एचबीए१सी हलला नाही. उलट २०२२ मध्ये २८ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात टाइप २ मध्ये माइंडफुलनेसने एचबीए१सी सरासरी ०.४८ ने आणि योगाभ्यासाने सुमारे १ ने उतरलेला दिसला. तुमच्या भाषेत सांगायचं तर ८.२ चा ७.७ होणं, म्हणजे सरासरी साखर अंदाजे १८९ वरून १७४ वर येणं. हे कमी नाही. पण हे सरासरीचं गणित आहे. कोणाची जास्त उतरली, कोणाची अजिबात नाही. योगाचा आकडा मोठा का, याबद्दल माझा अंदाज असा की तिथे शरीरही हलतं. नुसतं बसण्याने स्नायू साखर वापरत नाहीत.

मला स्वतःला २०१६ चा न्यूझीलंडमधला अभ्यास सगळ्यात बोलका वाटतो. त्यात मधुमेहाच्या ६३ रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवडे जे शिकवलं त्याचा गाभा होता स्वतःशी मायेने वागणं. आकडा वाईट आला की स्वतःला झोडपायचं नाही, एखाद्या मैत्रिणीला समजावू तसं स्वतःशी बोलायचं. तीन महिन्यांनी त्या गटाचा एचबीए१सी जवळजवळ १ ने उतरला होता. अभ्यास लहान आहे, त्याच्यावर इमला बांधू नये. पण तुमचं पत्र वाचताना मला सारखा तोच आठवत होता, कारण तुमच्या पत्रात मधुमेहापेक्षा अपराधीपणा जास्त आहे.

रात्रीच्या खाण्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती आहे आणि तुम्ही ती चोरी कबूल करावी तशी लिहिलीय.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. रात्रीचं जेवण हलकं झालं, संध्याकाळी चालणं जास्त झालं, तर रात्री साखर खाली जाऊ शकते. अशा वेळी लागणारी भूक हावरटपणाची नसते, मेंदू साखर मागत असतो. घाम, हाताची थरथर, धडधड, चिडचिड, मिळेल ते तोंडात टाकावंसं वाटणं ही शुगर लो होण्याची लक्षणं. यातली पहिली चार जिवाची घालमेल झाल्यावरही तशीच्या तशी येतात, म्हणून इथे माझा नियम कडक आहे: मशीन आधी, श्वास नंतर. धडधडतंय म्हणून डोळे मिटून शांत बसायला जाऊ नका. आकडा ७० च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेटसारखी तेलातुपाची वस्तू अशा वेळी उपयोगाची नाही, तिच्यातली साखर रक्तात सावकाश पोहोचते. रात्री असं एकदा जरी झालं तरी डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी कळवायचं.

वाचलेल्या पट्ट्या इथे वापरा. पुढचे काही दिवस रात्री स्वयंपाकघराकडे पाय वळले की आधी शुगर बघा. आकडा काहीही असो, वहीत लिहा आणि शेजारी खाल्लेलं लिहा. न लिहिण्यात धोका कुठे आहे ते सांगते. तुम्ही रात्री खाता, सकाळी साखर चढलेली येते, डॉक्टरांना वहीत नुसतं पथ्य दिसतं. ते काय करणार? गोळी वाढवणार. मग ज्या रात्री तुम्ही खाणार नाही, त्या रात्री तीच वाढलेली गोळी तुमची साखर पाडेल. डॉक्टरांना हे सांगायला लाज वाटत असेल तर वही नुसती पुढे सरकवा, बोलूही नका. असं खाणं त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं.

आणि मशीनने १८० दाखवले, तरी खावंसं वाटतंय? तर मग ती भूक पोटाची नाही. दिवसभर सगळ्यांच्या नजरेखाली जेवलेल्या माणसाला रात्री एकट्याने खाण्यात जी मोकळीक मिळते, तिची ती भूक आहे. माइंडफुलनेस खऱ्या अर्थाने इथे उपयोगी पडतो. खायचं नाही असं ठरवू नका, ते टिकत नाही. खायचं असेल तर दिवा लावा, जे घ्यायचं ते ताटलीत काढा, डबा झाकून ठेवा, आणि बसा. पहिल्या घासाआधी दोन-तीन सावकाश श्वास आणि स्वतःला एकच प्रश्न: आत्ता शरीरात कुठे काय वाटतंय? घशात आवंढा, छातीत जडपणा, पोटात खरंच खड्डा, काहीही असू दे. मग पहिला घास नीट चावून, चव कळेल इतका सावकाश खा. पुढचा घ्यायचा की नाही ते त्यानंतर ठरवा. काही रात्री तुम्ही सगळं संपवाल. काही रात्री दोन घासांत पुरे वाटेल. दोन्ही लिहा. सावकाश, लक्ष देऊन खाण्याचं प्रशिक्षण आणि आहाराचं नेहमीचं शिक्षण अशी तुलना टाइप २ च्या रुग्णांत अमेरिकेत करून पाहिली गेली, तेव्हा दोन्हीकडे साखर सारखीच उतरली होती. म्हणजे आहाराची माहिती लागतेच, आणि ती तुमच्याकडे सात वर्षांत पुरेशी जमलेली आहे.

दुसरी जागा म्हणजे मशीनवर आकडा उमटतो तो क्षण. आकडा मोठा आला की तुमच्या मनात पहिलं वाक्य काय येतं ते एकदा पकडून बघा. "मेलं माझं नशीब", "आता सगळं संपलं", "परत ऐकून घ्यावं लागणार", असलं काहीतरी असेल. ते वाक्य ऐका, एक श्वास घ्या, आणि मग आकड्याकडे असं बघा: जेवून किती वेळ झाला, काल झोप कशी झाली, गोळी घेतली होती का, सर्दीताप आहे का. तापात, दुखण्यात, स्टेरॉइडची औषधं चालू असताना साखर वाढते, त्यात तुमचा काही दोष नसतो. कारण सापडलं तर लिहा. नाही सापडलं तर प्रश्नचिन्ह काढा आणि वही मिटा. दर वेळी कारण सापडत नाही, आणि मधुमेहात हे चालायचंच.

घरच्यांचं. सततच्या पथ्याने, आकड्यांनी आणि प्रश्नांनी येणारा हा शिणवटा डॉक्टरांना चांगला माहीत आहे. त्याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात, आणि तो मोजायची वीस प्रश्नांची प्रश्नावली १९९५ पासून वापरात आहे. त्यामुळे "मीच मनाने कमकुवत" हे डोक्यातून काढा. घरच्यांना भांडणाच्या वेळी नको, निवांत असताना सांगा: "मला किती आली हे विचारू नका. ७० च्या खाली गेली तर मी स्वतः हाक मारीन, तेव्हा साखरेचं पाणी आणून द्या. एरवी मदत करायची असेल तर जेवण झाल्यावर माझ्याबरोबर चाला." काळजी करणाऱ्या माणसाला काहीतरी काम दिलं की त्याचे प्रश्न आपोआप कमी होतात, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

ते जेवणानंतरचं चालणं मात्र मनावर घ्या. दहा-पंधरा मिनिटं पुरे. चालणारे स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात, आणि जेवणानंतर ती चढत असतानाच हे झालं तर फायदा जास्त. चालताना लक्ष टाचेवर, चवड्यावर, श्वासावर ठेवा, फोन घरी. बसून मन टिकत नसलेल्या कित्येकांचं चालताना टिकतं. साखर उतरते ती चालण्याने, लक्ष देण्याने नव्हे, हे कबूल. पण लक्ष देऊन चालणाऱ्याला चालणं कंटाळवाणं वाटत नाही, आणि तो दुसऱ्या दिवशीही जातो.

पायांवरून आठवलं. अ‍ॅपमधला तो बाई किंवा बुवा "आता पायांच्या बोटांकडे लक्ष न्या" असं सांगतो ना? तिथे तुम्हाला काही जाणवतच नसेल, किंवा मुंग्या, जळजळ, कापसावर पाय ठेवल्यासारखं वाटत असेल, तर ते ध्यानातलं अपयश समजू नका. नसांवर परिणाम होत असल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना पाय दाखवा. आणि तळवे रोज डोळ्यांनी तपासा. सात वर्षांच्या मधुमेहात नुसत्या जाणिवेवर भिस्त ठेवता येत नाही.

पहाटेची वीस मिनिटं हवीत का? आवडत असतील तर ठेवा, नाहीतर खुशाल सोडा आणि झोपा. पुरेशी झोप न मिळाल्याने इन्सुलिनचं काम बिघडतं हे पक्कं आहे, झोप मोडून ध्यान करण्यात काही अर्थ नाही. रात्री पडल्या पडल्या केलं तरी चालतं. मध्येच डोळा लागला तर उत्तमच. मात्र डोळे मिटून बसल्यावर अस्वस्थपणा वाढतच जात असेल, जुन्या गोष्टी उसळून येत असतील, तर ओढून नेऊ नका, डोळे उघडा आणि उठा. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, तर ते डॉक्टरांना वेगळं सांगा. त्याच्यावर वेगळे उपचार आहेत.

पुढच्या भेटीला जाताना त्यांना दोन गोष्टी विचारा: ग्लिमेपिराइडची वेळ आणि मात्रा माझ्या रात्रीच्या आकड्यांशी जुळते का, आणि तिच्याऐवजी साखर न पाडणारं औषध मला चालेल का. एचबीए१सी पुन्हा करायची घाई नको. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे आज केलेल्या बदलाचं पूर्ण चित्र दिसायला तीन महिने लागतात.

अ‍ॅपचे वर्षाचे पैसे इतक्यात भरू नका. मोफत मुदत संपली की आठवडाभर त्याच्याशिवाय बसून बघा, कसं करायचं ते दोन महिन्यांत तुम्हाला कळलेलं आहे. तो आवाज नसला तर बसवतच नाही असं वाटलं तर एका महिन्याचे भरा. आणि सलग किती दिवस बसलात ते मोजणारी सोय त्यात असेल, बहुतेक असतेच, तर ती बंद करून टाका. तुमच्याकडे आकडे आधीच पुष्कळ आहेत.